उंबऱ्यावरचा शब्द

२ फेब्रुवारी, सोमवार

चेन्नईतल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो! आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आपण कधी मोठ्यानं बोलून दाखवत नाही. आपल्याला घर नाही. फ्लॅट आहे. त्याला पांढऱ्या फरश्या आहेत, छताखाली आणखी एक खोटं छत आहे, आणि आपल्याआधी कुणी हसलंय-रडलंय असा एकही कोपरा त्यात नाही. ज्या घरात कुणी म्हातारं झालं नाही, त्याला घर म्हणायचं कशाला?

सुरुवात जमलीय. एक मार्चच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचे लोक भाषा दिनाची सहल म्हणून आमच्या संग्रहालयात येणार आहेत आणि बोलायचं मला आहे. सुचेल तसं या वहीतच टिपून ठेवणार.

आमचं संग्रहालय! आज गाईड म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी 'आमचं' म्हणायला लागले. नुंगंबाक्कममध्ये काचेच्या ऑफिसांच्या मागे एक गल्ली आहे, तिच्या टोकाला राजस निवास. तंजावरकडून आलेल्या मराठी कुटुंबाचा हा बंगला, आता पाहायला खुला. ब्रह्मी सागाचे खांब, साखळ्यांना टांगलेला रुंद झोपाळा, खिडक्यांवर हिरव्या-पिवळ्या काचांची अर्धवर्तुळं. भिंतींवर काळे गोल स्विच, दाबले की 'टक्' असा ठाम आवाज करणारे. जाळीचं कपाट, वेताच्या लांब हातांच्या आरामखुर्च्या, पितळेचं कॉफीचं गाळणं. आणि पायाखाली लाल कोबा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी तो असा गुळगुळीत केलाय की वाकून पाहिलं तर आपल्या भुवया दिसतात. मी चपला काढल्या आणि त्या थंड लाल जमिनीवर उभी राहिले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू?

मालक दत्ताजी. साठीचे, इथलं लुंगीसारखं पांढरं धोतर, वेष्टी, आणि सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांची मराठी ऐकून मी चाटच पडले. शेकडो वर्षं तमिळ मुलखात राहिलेली, आपल्याकडे पोथ्यांतच उरलेली रूपं बोलणारी. मी तसं म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, आमचं मराठी सांबारात बुडवून काढलेलं अहे, पण विटलेलं नाही.

आमच्या गावचं जुनं वाचनालय पाडलं तेव्हा मी बुलडोझरसमोर उभी राहून तासभर बोलले होते. वाचनालय गेलंच. नवऱ्याची, पुष्करची बदली झाली म्हणून या शहरात आले आणि वाटलं, आता कुणासाठी बोलायचं? आज उत्तर मिळालं.

निघताना सवयीनं म्हटलं, "येते हं." दत्ताजींचा चेहरा उजळला. हल्लीचे लोक बाय म्हणतात, ते म्हणाले, शब्द देऊन जाणारं माणूस फार दिवसांनी आलं. मग दाराच्या चौकटीवर हात ठेवून त्यांनी तो शब्द पुन्हा हळूच उच्चारला, जसं घरातल्या कुणाला निरोप सांगावा तसा. येते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी एक प्रथा सुरू केली. माझी कल्पना, माझा अभिमान.

तमिळ माणूस निघताना 'पोयिट्टु वरेन' म्हणतो: जाऊन येतो. आपण म्हणतो, 'येतो'. 'जातो' म्हणणं दोन्हीकडे अभद्र. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शहाणपण जपलंय! निरोपाला आपण दार लावून घेत नाही, ते जरा उघडं ठेवतो. म्हणून आता प्रत्येक गटाला मी शेवटी उंबऱ्यापाशी उभं करते, हे सगळं सांगते आणि मग सगळे घराकडे तोंड करून एका सुरात आपापल्या भाषेत म्हणतात. आज एका बाईंना हुंदका आवरेना. बँकेतून निवृत्त झालेले गुरुराज नावाचे गृहस्थ होते. दोन्ही मुलं परदेशी, बायको गेलेली, सूनबाई तेवढी इथं. त्यांनी उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. लहानपणी निघून आलो त्या घराला असं म्हणायचं राहून गेलं होतं, म्हणाले.

दत्ताजींनी मला स्वतः कॉफी करून दिली. घर खूश अहे, म्हणाले.

८ फेब्रुवारी, रविवार

पुष्करला ओढून आणलं. हा माणूस गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनवतो आणि आठवणींनाही ब्रेक लावून बसतो. कंपनीच्या बसनं उजाडायच्या आत जातो, दिवे लागल्यावर पेरंबूरच्या फ्लॅटवर परततो. मी जुन्या वस्तूंबद्दल बोलायला लागले की म्हणतो, टाळ्या झाल्या असतील तर पोळ्या वाढ. इथंही सुरू झाला: आजोळी असाच पाट होता, त्यावर बसून पायाला मुंग्या यायच्या, त्या मुंग्या पण ठेवल्यात का संग्रहालयात? दत्ताजींना हसू आलं नाही.

पण मग तो त्या खिडकीजवळच्या आरामखुर्चीत टेकला आणि कोब्याकडे बघत राहिला. बराच वेळ. बारा वर्षांच्या संसारात त्याचा चेहरा मी इतका सैल पाहिला नव्हता. मी जिंकले, असं वाटलं.

निघताना तो "बाय" म्हणाला. मी सोडते होय? सगळ्यांसमोर दारात अडवलं. शेवटी त्यानं कमरेत वाकून नाटकी मुजरा केला, "येतो हो, घरा! वाट बघा!"

सगळे हसले. दत्ताजी चौकटीवर हात ठेवून उभे होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दत्ताजींची धाकटी बहीण हरिणीताई आज आली होती. अड्यारला असते. भावाची औषधं घेऊन येते, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. पिशवी गजांमधून दिली, दत्ताजींनी आतून घेतली. ते तरी फाटकाबाहेर कुठं जातात? दूध, भाजी, न्हावी, सगळं आत येतं.

ती निघाली आणि मोठ्यानं, घराकडे पाहत म्हणाली, "जाते."

माझ्या अंगावर काटा आला. माहेरच्या दारात असं अभद्र! राहवलं नाही, मी म्हटलंच: ताई, येते म्हणावं. आपल्यात जाते म्हणत नाहीत. तिनं मला नीट निरखलं. मग म्हणाली, "तुमचं जीभ फार गोड अहे हो, बाई. तेच भय वाटतं." आणि पुन्हा एकदा, माझ्या नाकावर टिच्चून, "जाते." रिक्षात बसली.

दत्ताजींना विचारलं. ते म्हणाले, आईनं, राजसबाईंनी, त्या शब्दासाठी तिच्या थोबाडीत मारली होती. तरी सुधारली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणे वाढलेत आणि परत येणारेही वाढलेत. गुरुराज तर रोजच. खिडकीशेजारच्या दुसऱ्या खुर्चीत बसतात, कुणाशी बोलत नाहीत. आज त्यांच्या सुनेचा, तुळसीचा फोन आला. मामनार, म्हणजे सासरे, तिकडे आहेत का? कालपासून घरी आले नाहीत. मी फोन हातात धरूनच खोलीत गेले. सकाळी ते तिथं बसलेले मी पाहिले होते. खुर्ची रिकामी होती. वेत मात्र खाली दबलेला होता, माणसाच्या वजनानं दबतो तसा.

दत्ताजींनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की इथं कुणी नाही.

भाषणात घालायचं: वस्तू माणसाची आठवण धरून ठेवतात. —नंतर बघू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जे पाहिलं ते तसंच लिहिते. मी अंधश्रद्धेविरुद्ध व्यासपीठं गाजवलेली बाई आहे.

भर दुपार. खिडकीतून सरळ ऊन कोब्यावर पडलं होतं. कुणी पाहुणे नव्हते. मी खाली पडलेलं तिकीट उचलायला वाकले. जमिनीत खुर्चीचं प्रतिबिंब होतं. आणि त्या प्रतिबिंबात गुरुराज बसले होते. वर खुर्ची रिकामी. खाली ते बसलेले, हात मांडीवर, माझ्याकडे मान वर करून बघणारे, विहिरीच्या तळातून बघावं तसे. त्यांच्यामागे आणखी कुणी कुणी उभं होतं. पदर दिसले. पाय दिसले. सगळे दाराकडे तोंड करून.

मी हातानं कोबा पुसला. पुसल्यावर ते अधिक स्पष्ट झाले.

दत्ताजी दारात उभे होते. कोबा या वर्षी छान उजळला अहे, म्हणाले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कालपासून रजेवर आहे. ताप आहे असं कळवलंय. पुष्करला सगळं सांगितलं. हसला नाही. थट्टाही केली नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, ऊन कुठल्या खिडकीतून येतं गं? मला वाटतं सकाळी जास्त छान येत असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुष्करच्या कारखान्यातून फोन. गुरुवारपासून साहेब कामावर नाहीत, तब्येत बरी आहे ना?

रोज पहाटे डबा घेऊन जातोय. रोज दिवे लागल्यावर येतोय.

धावत राजस निवासला गेले. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसला होता, डबा मांडीवर, उघडलेलाच नाही. मी ओरडले: इथं काय करतोयस? तो मला ओळखायला क्षणभर थांबला. मग अगदी सरळपणे म्हणाला, घरी यायचं होतं ना, म्हणून आलो.

हात धरला. गार. त्या जमिनीसारखा गार.

ओढत बाहेर काढला. उंबऱ्यावर तो वळला, आणि मी तोंडावर हात ठेवायच्या आत— "येतो."

कुणी शिकवलं त्याला? मी शिकवलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल दिवसभर दार लावून त्याला फ्लॅटमध्ये ठेवलं. तो फरशीकडे बघत होता. ही कुणाची जागा, म्हणाला, इथं काहीच दिसत नाही. मी आंघोळीला गेले तेवढ्यात गेला. दार सताड उघडं. चपला आतच.

अड्यारला हरिणीताईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं आणि मी विचारायच्या आधी बोलायला लागल्या.

पाच भावंडं. एकेक जण शिकायला, नोकरीला गेलं: मुंबई, दिल्ली, अमेरिका. प्रत्येकानं त्या उंबऱ्यावर म्हटलं, येतो. रीतच ती. राजसबाई प्रत्येकाचं केळीचं पान मांडायच्या. रोज. जेवणं झाली की कोरी पानं उचलायच्या. सणाला फोन यायचे. अम्मा, आपलं घर कसं अहे? झोपाळा अहे ना? विकू नका हां, तिथं आमचं सगळं बालपण अहे. प्रेम सगळ्यांना होतं. राहायला कुणी आलं नाही. आई दाराकडे तोंड करून गेली.

"आई गेली आणि वाट बघायचं काम घरानं घेतलं. माणसाला रीत कळतं. घराला नाही कळत, बाई. घराला शब्द तेवढा कळतं."

दत्ताजी घर सोडून कधी गेलेच नाहीत, म्हणून त्यांना कधी काही म्हणावं लागलं नाही. आणि हरिणीताई आईची थोबाडीत खाऊन 'जाते' म्हणाल्या होत्या, म्हणून आज स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत.

सोडवायचं कसं? ज्याचा शब्द, त्यानंच मागं घ्यायचा. उंबऱ्यावर उभं राहून, मोठ्यानं, तसं मनात असताना. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही.

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही किती वेळा म्हटलंय?

रोज. मी रोज म्हटलंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी भला माणूस. माझ्याबरोबर आला, खोल्या पाहिल्या, झोपाळ्यावर हात फिरवला. पुष्कर खुर्चीत बसला होता. त्यानं सांगितलं, मी माझ्या खुशीनं इथं आहे. सज्ञान माणूस, काय करणार? अधिकारी म्हणाला, माझ्या आजोबांकडे अशीच जमीन होती, मॅडम. त्याचा आवाज ओला झाला होता.

निघताना त्यानं टोपी काढली आणि घराला अदबीनं म्हटलं, पोयिट्टु वरेन.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. सहल रद्द करा. ते हसले: एवढ्या मोठ्या वक्त्या आणि आयत्या वेळी घाबरताय? बस ठरलीय, साठ जण आहेत, मुलं आहेत. आणि तुमच्या त्या 'येतो'ची फार तारीफ ऐकलीय, सगळ्यांनी पाठ करून ठेवलंय.

खरं सांगितलं. ते म्हणाले, भयकथा पण रंगवता की तुम्ही! तिथंच सांगा ना मुलांना.

आयुष्यभर लोकांनी माझं ऐकलं. आता—

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून त्याच्यापाशी गुडघे टेकून बसले. पुष्कर, उठ. दारापाशी चल. एकदा 'जातो' म्हण. एकच शब्द.

त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. गार, हलका, वाळक्या पानासारखा. "अगं, असं अभद्र कशाला बोलू? निरोपाला दार लावून नाही घ्यायचं. ते जरा उघडं ठेवायचं."

माझं वाक्य. माझाच हेलही.

खाली पाहिलं. कोब्यात तो होता. वरच्यापेक्षा जास्त रंग. गालांवर लाली. वरचा मात्र— त्याच्या शर्टातून खुर्चीचा वेत दिसत होता.

त्याच्या शेजारी, खाली, एक बाई उभी होती. माझी साडी. मी बसले होते. ती उभी होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खुर्ची रिकामी. डबा आहे.

खाली आहे तो. बघतोय. ओठ हलतात, ऐकू येत नाही. थट्टा करतोय असं वाटतं. त्याच्या डोळ्यांवरून मला कळतं, थट्टा करताना ते असेच— पुष्कर

आज भाषा दिन. दत्ताजींनी उंबऱ्यावर रांगोळीनं मोठ्या अक्षरांत तो शब्द काढलाय. साठ जणांसाठी. तुमचंच काम पुढं नेतो, म्हणाले. किती आदरानं म्हणाले.

रांगोळी पायानं पुसली. पुन्हा काढली त्यांनी. पुन्हा पुसली.

काल घरी गेले होते का मी? आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उंबऱ्यावर बसून लिहितेय. सकाळ आहे. फाटकाबाहेर हरिणीताई उभ्या आहेत, हात पुढे करून. माझा फोन कुणी उचलत नाही, तिथं जाऊन बोलायला मी— पाय उंबऱ्याबाहेर ठेवला की जमीन ओढते. ही वही फेकली तर पोचेल. ताई, उद्या बसमध्ये सगळ्यांसमोर वाचा. पहिल्या पानापासून.

माझ्या मराठी बंधुभगिनींनो, भाषण बदललंय. घर नाही ही आपली तक्रार खोटी होती. घरं होती. आपण निघून आलो. रीत म्हणून शब्द दिला, आणि आता फोटो काढायला, उसासे टाकायला येतो आणि पुन्हा तोच शब्द देतो. आपलं प्रेम तेवढंच असतं, निघतानाचं. घरानं ते खरं मानलं. चूक घराची नाही.

मी म्हटलं तर सुटते. म्हटलं तर तो खाली एकटा. तो वर बघतोय. बोटानं दाराकडे दाखवतोय. जा म्हणतोय. मला ब्रेक लावायला सांगणारा माणूस, जा म्हणतोय

मी त्याला सोडून 'जाते' कशी

तुम्हाला येऊ नका म्हणून ऐकणार नाही तुम्ही. या. पण एक करा. एकच. उंबऱ्यावर थांबा, घराकडे बघा, मुलांचे हात धरा आणि त्यांच्याकडूनही म्हणवून घ्या. जातो. अभद्र वाटू दे. थोबाडीत बसू दे. मोठ्यानं. जातो म्हणा. मी आधी म्हणून दाखवते, मागोमाग म्हणा, ऐका— मी— पुष्कर, हात नको लावूस खालून— मी जा— मी ये